पायाळूचा पाय

मी मुळातच भित्री. पाल, वीज, नवे डॉक्टर, मोठ्यानं बोलणारी माणसं, सगळ्यांना भिते. आणि पोटासाठी काम निवडलं ते आजारी माणसांच्या अंगाला हात लावायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी तर तो रोज डबा घेऊन कामावर येतो.

तुमसरहून बपेऱ्याकडे जाताना सिहोऱ्याच्या थोडं पुढे म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी एक निवास आहे. आधी तिथे धानाची गिरणी होती. भिंती रंगवल्या, खाटा टाकल्या, पण कोपऱ्यात झाडू मारला की अजून कोंडा निघतो. रविवार सोडून रोज मी तिथे जाते. कोणाचे आखडलेले हात, कोणाची सुजलेली पावलं, कोणाचे दुखरे खांदे. लोक मला मालीशवाली म्हणतात आणि पैलवानाला रगडतात तसं काहीतरी मी करत असेन असं समजतात. नागपूरला ज्या मॅडमकडे मी शिकले त्या सांगायच्या, आजारी माणसाच्या मालिशीत निम्मं काम नुसता हात ठेवायचं असतं. आणि आपले डोळे हाताकडे नकोत, त्याच्या चेहऱ्याकडे हवेत. दुखलं तर तोंड खोटं बोलतं, कपाळ बोलत नाही.

सेवकराम बाबाजींची खाट खिडकीजवळ होती. आंधळगावचे, कोसा रेशीम विणणारे. उभा जन्म खड्डामागावर गेला. या मागाला जमिनीत खड्डा असतो, त्यात पाय सोडून बसायचं आणि पायाखालच्या दोन पावड्या आळीपाळीनं दाबायच्या, तेव्हा वर कापड पुढे सरकतं. बाबाजींच्या पायांना ती सवय इतकी लागलेली की झोपेतही ते एकाआड एक हलायचे. मी तेल कोमट करून तळव्याला हात लावला की ते माझ्या पंजावर पाऊल दाबायचे, आधी उजवं मग डावं, आणि म्हणायचे, घे, एक वीत झालं. रोज माझ्या हातावर असं वीत दोन वीत कापड विणून झाल्याशिवाय ते मला पुढच्या खाटेकडे जाऊ द्यायचे नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात ते अंगणात पडले. तेव्हापासून कमरेतून पायात कळ उतरायची आणि उभं राहिलं की चेहरा पांढरा व्हायचा. तुमसरच्या डॉक्टरांनी फोटो काढून स्पष्ट सांगितलं होतं की मणके आतून पोकळ झालेत, पापडासारखे. पाठीवर भार नको, बोटसुद्धा नको. म्हणून मी फक्त हात, पाय आणि खांदे करायची. पाठीवरून चादर सारखी करतानाही माझा श्वास अडकायचा.

मुलगा धनंजय याचं आंधळगावातच कापडाचं दुकान. माणूस वाईट नाही. बायकोचा हात अधू, स्वतः दिवसभर दुकानात, म्हाताऱ्याला उचलणार कोण? बाबा आपल्या पायानं संडासापर्यंत गेले की त्याच दिवशी घरी नेतो, असं त्यानं सांगितलं होतं. बाबाजींनी ते बोलणं गाठीला बांधून ठेवलं. दोघांचा आधार घेऊन चार पावलं टाकायचे, पाचव्याला कळ यायची, आणि खाटेवर पडून भिंतीकडे तोंड करायचे.

अशात माझ्या आईनं घोटाळा केला. एकदा मी डबा विसरले, तो द्यायला ती सिहोऱ्याच्या गाडीनं आली आणि सत्यभामाबाईंजवळ बसली. सत्यभामाबाई नाकाडोंगरीच्या. हाडापेरानं मोठ्या, जन्मभर धानाची रोवणी केलेल्या, तोंडानं फटकळ, मनानं लोण्यासारख्या. नाकाडोंगरीतलं घर भावकीत गेलं आणि त्या इथे आल्या. आपण पायाळू असल्याचा त्यांना फार अभिमान होता. जे मूल जन्मताना डोक्याऐवजी पायानं येतं ते पायाळू, आणि कमरेत चमक भरली तर पायाळू माणसाचा पाय पाठीला लावला की ती निघते, असं आमच्याकडे सगळे मानतात. निम्म्या नाकाडोंगरीच्या कमरा माझ्याच पायानं सरळ झाल्या, असं सत्यभामाबाई येईल त्याला सांगायच्या. आई काय गप्प बसते? ती म्हणाली, माझी स्वातीपण पायाळूच आहे.

हे गुपित आईनंच मला लहानपणापासून पोटात ठेवायला लावलं होतं. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ गरजलं की ती मला धान्याच्या कोठीआड कोंबायची. माझ्या भित्रेपणाची पेरणी तिथेच झाली असावी. आणि आता तिनंच डबा द्यायला येऊन गावजेवण घातलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या निवासाला कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबाजी मागे लागले. सत्यभामाबाईंच्या वजनाची त्यांना धास्ती होती, माझ्या हातावर मात्र भरवसा होता.

"बेटा, एकडाव पाय लाव. नुसता लाव. मले घरी जायचं हाये."

मी नाही म्हणाले. डॉक्टरांचं सांगितलं, मणक्याचं सांगितलं, हात जोडले. ते रागावले नाहीत, फक्त रोज विचारत राहिले. तेल लावताना विचारायचे, जाताना विचारायचे. मला त्यांची दया यायची आणि त्याहून जास्त भीती वाटायची, कारण मला माझाच भरवसा वाटेना. एखाद्या दिवशी त्यांचा चेहरा बघून मी नुसता अंगठा टेकवला तर? म्हणून त्यांच्या खाटेशी मी चप्पलसुद्धा काढेनाशी झाले.

शनिवारी त्यांनी सांगितलं की उद्या धनंजय येणार आहे. चालता आलं तर घरी, नाही तर पुन्हा दिवाळीनंतर बघू, असं फोनवर ठरलं होतं. सुटी असूनही मी उद्या येते, आपण दोघं मिळून प्रयत्न करू, असं मी म्हणाले. मनात मात्र धाकधूक होती, की त्यांना जमणार नाही आणि ते भिंतीकडे तोंड करून पडतील ते मला बघावं लागेल.

रविवारी मी पोचले तर वेगळंच वातावरण. बाबाजींची आंघोळ झालेली, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा. उताणे पडून होते पण चेहऱ्यावर हसू होतं. निवासाचं सगळं बघणारे कैलाशभाऊ दारातच म्हणाले, चमत्कार झाला, बाबाजींची कळ गेली, कशी ते धनंजय आल्यावर सांगतो म्हणतात. पलीकडच्या खाटेवर सत्यभामाबाई मांडी ठोकून बसल्या होत्या आणि लग्नघरातल्या विहिणीसारख्या सगळ्यांकडे बघत होत्या. बाबाजी काय ते धनंजयसमोरच उभे राहून दाखवणार आहेत, तोवर त्यांना कोणी हलवायचं नाही, असं ठरलं होतं.

मला बरं वाटायला हवं होतं. पण कळ अशी एका सकाळीत जात नाही. मी खाटेच्या पायथ्याशी बसले, तेल हातावर घेतलं आणि त्यांच्या पावलांना हात लावला.

पावलं गार होती. मी पंजा तळव्याला लावून थांबले. पावडी दाबली गेली नाही.

"बाबाजी, दाबा ना," मी म्हणाले.

आज मागाला सुटी आहे, असं ते छताकडे बघत म्हणाले. मी उजव्या पायाच्या अंगठ्याला नख लावलं. मग जरा जोरात लावलं. त्वचेवर चंद्रकोर उमटली. मॅडमनी शिकवलं तसं मी हाताकडे न बघता चेहऱ्याकडे बघितलं, आणि कपाळावर काहीच नव्हतं. एक रेषासुद्धा हलली नाही. डाव्या पायाला नख लावलं तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यात थोडंसं काहीतरी झालं.  कळ गेली नव्हती. पाय निघून चालले होते, म्हणून कळ कळत नव्हती.

मी उठून त्यांच्या कानाशी वाकले. विचारायची गरजच पडली नाही. त्यांनी माझं मनगट धरलं.

"सकाळपासून नाई उजवा पाय. कोना दुसऱ्याचाच असल्यासारखा पडून हाये. डावा हाये थोडा."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं का दवाखान्यात नेतीन. धनंजय गादी घेऊन येऊन राहिला, बेटा. एकडाव घरी पोचलो का मंग सांगीन. घरात निजलेल्या मानसाले उचलून कोनी बाहेर नाई टाकत. तू चूप राय. तुले माही आन हाये."

सकाळपासून लघवी झाली का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. चादरीवरूनच ओटीपोट तटतटलेलं कळत होतं. त्यांना तेही जाणवत नव्हतं.

मला मॅडमचा वर्ग आठवला. पाठीला मार लागला, पाय बधिर पडू लागले, लघवी अडली, तर हात काढून घ्यायचा आणि धावायचं. यात जे गेलं ते बहुतेक गेलं. जे उरलंय तेवढ्यासाठी धावायचं. तेव्हा मी हे वहीत लिहून घेतलं होतं आणि देवाला म्हणाले होते, असला पेशंट माझ्या वाट्याला नको देऊ.

आणि खरं सांगायचं तर मी धावले नाही. माझी पाचावर धारण बसली होती. बाहेर जाऊन ओरडायचं तर पहिला प्रश्न येणार, पाय कोणाचा लागला. आणि या घरात डॉक्टरांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांना माहीत होतं की मालीशवाली पायाळू आहे. म्हातारा रोज तिच्या विनवण्या करतो हेही माहीत होतं. काल जाताना पाय लावून गेली असेल, म्हणतील. मी सुटीच्या दिवशी का आले, हेसुद्धा विचारतील. मी नुसती उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण तेवढ्या वेळात माझ्या मनात एक नीच विचार येऊन गेला, की धनंजय त्यांना घेऊन गेला तर हे सगळं इथून जाईल.

मग मी सत्यभामाबाईंजवळ गेले. त्यांना विचारलं, आजी, सकाळी काय केलं. त्या खुशीत होत्या. आंघोळीनंतर सगळे चहाला गेले तेव्हा बाबाजींना पालथं निजवलं, त्या म्हणाल्या, आणि खिडकीचा गज धरून मी उभी राहिले. तीनदा नुसता अंगठा टेकवणार होते.

"तिसऱ्या खेपेले गज सुटला व माय हातातून," त्या म्हणाल्या. "पुरा भार गेला पाठीवर. कटकन वाजलं. मी म्हटलं, निघाली चमक."

मला पुढे ऐकवेना.  त्या आवाजाला ही बाई सकाळपासून बरं होण्याचा आवाज समजून बसली होती, आणि बाबाजींनी गप्प बसवलं होतं म्हणूनच तिनं ते अजून निवासभर केलं नव्हतं.

बाहेर गाडीचा आवाज आला. धनंजय व्हॅन घेऊन आला होता, मागची सीट काढून त्यात गादी अंथरलेली. बाबा चालले नाहीत तर गादीचं काय, हे त्यानं स्वतःला विचारलेलं दिसत नव्हतं; न्यायच्या तयारीनंच आला होता. हसत आत आला, वडिलांच्या पाया पडला. कैलाशभाऊंनी चमत्काराची गोष्ट सांगितली. धनंजयचे डोळे भरून आले.

बाबाजी म्हणाले, मला असंच उचलून गाडीत ठेव, चालायचं ते आपल्या अंगणात चालून दाखवतो. पण पोराला धीर नव्हता. एवढे दिवस तो याच घडीची वाट बघत होता.

"नाही बाबा, एकडाव इथंच उभे राहून दाखवा. मले पाहू द्या," तो म्हणाला, आणि खाली वाकून त्यानं वडिलांच्या काखेत हात घातले. कैलाशभाऊ दुसऱ्या बाजूनं आले. बाबाजींनी माझ्याकडे बघितलं. ती नजर विनवणीची होती, आणि तिच्यात माझ्याइतकीच भीती होती.

मला वाटलं आता ते त्यांना उचलणार, कंबर मोडणार आणि उरलेला डावा पायही जाणार. माझ्या तोंडून आवाज निघाला तो मलाच ओळखू आला नाही. मी धनंजयचा हात धरून ओढला. हलवू नका, मी म्हणाले, पाय गेलेत त्यांचे.

कोणीच विश्वास ठेवला नाही. बाबाजी खोटं खोटं हसले आणि पोरीला भीती वाटते म्हणाले. कैलाशभाऊ मला बाजूला घ्यायला लागले. तेव्हा मी बाबाजींच्या खांद्यावरचा दुपट्टा त्यांच्या डोळ्यांवर टाकला. धनंजयला म्हणाले, तुम्ही फक्त माझ्या हातांकडे बघा.

"बाबाजी, सांगा. कोणता पाय धरला मी?"

 दुपट्ट्याखाली त्यांचे ओठ हलले.

"उजवा," ते म्हणाले.

माझे दोन्ही हात वर होते. तेलानं चकाकत होते, आणि त्यांच्या पायांपासून चांगले हातभर लांब. धनंजय माझ्या हातांकडे बघत होता.  त्यानं वडिलांच्या काखेतले हात इतक्या हळू काढले की काचेचं भांडं खाली ठेवतोय असं वाटावं.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, संवेदना किती आणि लघवी झाली का. मग सांगितलं की बसवू नका, वळवू नका, फळीवर सपाट निजवा आणि सरळ भंडाऱ्याला न्या, मी तिथे बोलून ठेवतो, गरज पडली तर तिथून नागपूर. रुग्णवाहिकेची वाट बघण्यापेक्षा समोर उभी असलेली गाडी बरी, असंही म्हणाले. डावा पाय अजून आहे ना, त्यांनी शेवटी विचारलं. थोडा आहे, मी म्हणाले. मग निघा, ते म्हणाले.

गिरणीच्या काळातली एक लांब फळी मागच्या खोलीत होती. ती आणेपर्यंत, ज्या प्रश्नाची मला धास्ती होती तोच कैलाशभाऊंच्या डोक्यात उतरला होता. ते ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, आणि म्हणून ते जास्त लागलं.

"कालपर्यंत बाबाजी पाय तर तुमचाच मागत होते, स्वातीबाई."

धनंजयनं वळून माझ्याकडे बघितलं.  नुसतं एक बोट दाखवणं पुरेसं होतं, पण समोर त्या बसल्या होत्या, ज्यांना ही खाट गेली तर जगात दुसरी खाट नव्हती. मला त्यांची कीव आली आणि स्वतःची त्याहून जास्त. मी फळीचं एक टोक धरलं.

सत्यभामाबाईंना एव्हाना कळलं होतं. त्यांनी मांडी मोडली होती आणि दोन्ही पावलं लुगड्याच्या आत ओढून घेतली होती, आणि वरून पदर घालून ती झाकत होत्या. तरी एक अंगठा बाहेर राहत होता, तो त्या परत परत आत घ्यायच्या.

"माहा पाय होता," त्या म्हणाल्या. "तिनं नाई देल्ला. मी देल्ला."

 बोलायला वेळच नव्हता. आम्ही बाबाजींना फळीवर सरकवलं, दोन्ही बाजूंना चादरींच्या गुंडाळ्या लावल्या, दुपट्ट्यानं कंबर फळीला बांधली आणि गाडीत ठेवलं. धनंजयनं मला चढायची खूण केली. मी पायथ्याशी बसले, उजवा हात त्यांच्या उजव्या पायावर, डावा डाव्यावर. दाबत नव्हते, चोळत नव्हते, नुसते धरले होते, म्हणजे खड्ड्यात पाय हिंदकळणार नाहीत. गाडी निघाली तेव्हा सत्यभामाबाई दारापर्यंतसुद्धा आल्या नाहीत.

रस्त्याच्या कडेनं धान वाळत घातलेलं होतं. पुढे भाऱ्यांचे ट्रॅक्टर, त्यांना ओलांडायला जागा नाही. धनंजय हॉर्न वाजवायचा आणि मग वडिलांना धक्का बसेल म्हणून पुन्हा हळू व्हायचा. जोरात न्यावं तर पाठीची भीती, हळू न्यावं तर वेळेची. मी बाबाजींना बोलतं ठेवत होते. मधूनमधून विचारायची, कोणता पाय धरलाय. ते माझ्यावर रागावलेले होते, पण उत्तर द्यायचे.

"डावा," तुमसरच्या बाजारात ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं. मला इतका आनंद झाला की मी डाव्या पायाला कपाळ लावलं. उजव्याबद्दल मी विचारणंच सोडलं होतं.

तुमसर सुटलं.  वरच्या पत्र्याखेरीज बाबाजींना काही दिसत नव्हतं, पण हा रस्ता त्यांनी आयुष्यभर कापडाचे गठ्ठे घेऊन केलेला होता. गतिरोधकाचे धक्के लागोपाठ आले तेव्हा त्यांनी छातीवर हात जोडले आणि चौंडेश्वरी देवीचं नाव घेतलं. देवीचं गाव, मोहाडी, आलं होतं. इथून आंधळगावचा फाटा फुटतो.

"धनंजय," ते म्हणाले, "वळव."

धनंजय समोर बघत गाडी चालवत राहिला.

"पाय गेले त जाऊ दे. मले घर राहू दे. वळव बेटा."

फाटा आला आणि गाडी हळू झाली. मग थांबलीच.  त्यानं वळवली तर मी काय करणार होते? गाडी त्याची, बाप त्याचा. मी उडी मारून स्टिअरिंग धरणार नव्हते. आंधळगावच्या रस्त्यावर एक बाई सायकल ढकलत चालली होती, घर तिथून इतकं जवळ होतं. 

धनंजयनं मागे वळून बघितलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो पुढच्या काचेशी बोलल्यासारखं बोलला.

"पाय नसन त घरी कोन करन तुमचं, बाबा?"

तो रडत होता. त्यात राग नव्हता, ठपका नव्हता, जे होतं ते होतं. बाबाजींनी ते ऐकलं आणि डोळे मिटले. सकाळपासून त्यांनी जे लपवून ठेवलं होतं त्याचा हिशेब त्यांच्या पोरानं एका वाक्यात मोडला. घरात निजलेल्या माणसाला कोणी उचलून टाकत नाही, हे त्यांनी मला सांगितलं होतं. आता ते तसं म्हणाले नाहीत.

गाडी सरळ निघाली. फाटा मागे पडला. त्यांना तो दिसला नाही, पण वळण घेतलं नाही हे खांद्यांना कळतं. पाणी त्यांच्या डोळ्यांतून कानाकडे ओघळत होतं आणि मला पुसता येत नव्हतं, कारण मी पायथ्याशी होते आणि हात काढायचे नव्हते. उजवा पाय मी सोडून दिला होता. दोन्ही हातांनी डावाच धरला होता, घट्ट, आपल्याकडे काहीतरी शिल्लक आहे याची खात्री करून घेतल्यासारखा.

पुढे रस्ता बरा होता. धनंजयनं वेग वाढवला.

"स्वाती," बाबाजी म्हणाले. आवाजात आता राग नव्हता, फक्त लहान पोरासारखी भीती होती. "काहून सोडला पाय? डावा तरी धरून ठेव नं बेटा."

मी माझ्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात त्याच पावलावर होते आणि बोटांचे ठसे उमटतील इतके घट्ट होते.

"धरला, बाबाजी," मी म्हणाले.

आरशात धनंजय माझ्याकडे बघत होता. त्यानंही ऐकलं होतं. भंडारा अजून बरंच लांब होतं.